अर्धी पाडलेली भिंत

मांडवगण फराट्यात कुणालाही विचारा, सारिका कशी बाई आहे? उत्तर एकच येईल: हसरी. मयताच्या घरी गेली तरी तिथल्या बाईच्या तोंडात चार घास घालून, तिला जरा हसतं करूनच उठायची. बचत गटाच्या बैठकीत भांडण पेटलं की बायका म्हणायच्या, सारिकावहिनीला बोलवा आधी. पण गावाला काय माहीत! ही हसरी बाई आतून सशाच्या काळजाची. घरात कुणाला ठसका लागला तरी ही पाण्याचा तांब्या घेऊन धावायची. अवेळी फोन वाजला की आधी खंडोबाचं नाव आणि मग हॅलो. आणि 'सगळं चांगलं चाललंय' हे वाक्य तर तिनं उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. कुणी फारच विचारलं तर "चाललंय आपलं" म्हणून हसायची आणि पदराआड मंगळसूत्र मुठीत धरायची.

नवरा बरोबर उलटा. पोपटराव उसाचे बागायतदार, भीमेच्या पाण्यावरचं रान, ऊस पाटसच्या कारखान्याला जायचा. काही वर्षांपूर्वी ठिबकवाल्यांच्या एका शिबिरात त्यांनी कुणा सुटाबुटातल्या माणसाचं भाषण ऐकलं आणि तिथून एक शब्द घरी घेऊन आले: पॉझिटिव्ह. झालं! उसाला हुमणी लागली, पॉझिटिव्ह राहायचं. मोटर जळाली, पॉझिटिव्ह राहायचं. म्हशीनं लाथ घातली तेव्हा गडी लंगडत लंगडत घरात आला आणि म्हणाला, "पाय मोडला न्हाई, ही बाजू बघायची." त्यांची आई कुशाबाई कपाळाला हात लावायची. म्हणायची, "येड लागलंय ह्याला. पर गोड येड हाय, ऱ्हाऊ द्या."

या दोघांची एकुलती एक लेक तेजश्री. हडपसरला दिली. जावई रोहन शिंदे, कंपनीत कामाला, माणूस सज्जन. लग्नानंतर वर्षभरात तेजूला दिवस गेले. सारिकाला कुठं ठेवू आणि कुठं नको झालं. त्या एकाच वेळी बाई भीती विसरली. पेढ्यांचा पुडा घेऊन आळीभर हिंडली. आणि पेढे संपायच्या आत हडपसरहून फोन आला की सगळं संपलं. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधीकधी, यात कुणाचा दोष नसतो. पण सारिकाच्या मनानं पक्कं धरलं, आपल्याच तोंडानं दृष्ट लागली.

तेजू विश्रांतीला माहेरी आली होती तेव्हाची गोष्ट. घर जुनं, दगडमातीचं. न्हाणी आणि संडास अंगणापलीकडं, गोठ्याच्या मागं. अशक्त झालेली पोर भिंत धरत धरत जायची, शेणात पाय घसरायचा, आणि ओसरीवरून सारिका श्वास रोखून बघत राहायची. त्या आठवड्यातच तिनं नवऱ्याला सांगितलं, "मागचं सैपाकघर पाडा. तिथं तेजूला खोली काढायची. आतच न्हाणी, आतच संडास. पुढच्या येळंला माझी लेक अंगणात पाय टाकणार न्हाई."

पुढच्या वेळेला. एवढंच बोलली, आणि लगेच मंगळसूत्र मुठीत धरलं.

सुगी उरकल्यावर काम काढलं. न्हावऱ्याचा रामलिंग मिस्त्री, हात चांगला, बोलणं कमी. नारळ फुटला, सैपाकघर आडवं झालं आणि घरानं आपलं खरं रूप दाखवायला सुरुवात केली. एक भिंत पाडली की दुसरी म्हणायची, माझ्याकडं बघा. वासे काढले तर आतून भुगा. पाया उकरला तर खाली धान्य साठवायचं जुनं पेव निघालं, ते भरायला ट्रॉल्यांवर ट्रॉल्या मुरूम. मिस्त्रीनं पहिल्या दिवशी सांगितलेला खर्च कुठल्या कुठं गेला. लाथ घालणारी ती दुभती म्हैससुद्धा बाजारात विकावी लागली. रिकाम्या दाव्यापाशी सारिका घटकाभर रडली, तोंड धुतलं आणि कामावरच्या माणसांना हसत हसत चहा दिला. चूल गोठ्यात, भांडी ओसरीवर, सगळ्यांचं झोपणं पुढच्या खोलीत, भाकरीत सिमेंटची कचकच. पोपटराव घास चावत म्हणायचे, "दात मजबूत व्हत्यात."

आता राहिली होती माजघराची मागची भिंत. जाडजूड, पांढऱ्या मातीतली. ती उतरवून विटांत बांधायची होती. तिच्या पलीकडं तेजूच्या खोलीचं नवं बांधकाम गुडघ्याइतकं वर आलं होतं. मिस्त्रीनं त्या बाजूचे पत्रे काढले, ताडपत्री ओढली आणि भिंत वरून अर्धी उतरवली. नेमक्या त्या दिवशी दुपारी तेजूचा फोन आला.

"आई, बसलीयेस ना? तिसरा महिना सरला. मुद्दाम आधी नाही सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, आता सगळं नीट आहे."

सारिकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "माझी बाय ती!" एवढंच तोंडातून निघालं. तेवढ्यात समोर घणाचा दणका बसला, भिंतीतला एक दगड सुटून गडगडत आला आणि तिच्या पायाशी थांबला. तिनं फोन झटकन पदरात दाबला.

"कसला आवाज गं?" पलीकडून तेजूनं विचारलं.

"काय न्हाई. मांजरानं पातेलं पाडलं."

बाहेरच्या माणसाला यात भिण्यासारखं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगायला हवं. आपल्याकडं पोटुशी बाई असली की घराला हात लावत नाहीत. भिंत पाडायची नाही, चूल मोडायची नाही, पाया खणायचा नाही. का? ते विचारायचं नसतं. न विचारता पिढ्या गेल्यात. आणि इथं तर भिंत पाडली होती, चूल मोडली होती, पायाही खणला होता, तेही पोर पोटात असताना. लेकीनं सांगितलं नाही म्हणून आईला कळलं नाही, आणि आईला कळलं नाही म्हणून घर मोडलं गेलं.

संध्याकाळी कुशाबाईच्या कानावर घातलं. म्हातारीनं आधी देवाला साखर ठेवली, मग बोटांवर महिने मोजले आणि तिचा चेहरा उतरला. "थांबीव काम," ती म्हणाली.

पोपटराव हसले. "आये, तेजी आता शिंद्यांच्या घरची. आपल्या भिंतीचं तिला काय लागतंय?"

"पहिलं बाळंतपण कुणाच्या दारात व्हनार? तुझ्या का शिंद्यांच्या?"

"आपल्या."

"मंग? घर कुणाचं मोडलंय?"

पोपटरावांजवळचा तो एक शब्द त्या संध्याकाळी काही बाहेर आला नाही.

सकाळी सारिकानं रामलिंग मिस्त्रीच्या हातातला घण अक्षरशः काढून घेतला. तो समजावत राहिला, "वहिनी, जरा ऐका. मातीची भिंत हाय. वरचं वजन काढलंय, मागचा आधार गेलाय. आता एकतर समदी उतरवू द्या, न्हाईतर बांधू द्या. अशी मधीच सोडायची नस्ती."

"बाळतीन सव्वा महिन्याची झाली की या, रामलिंगभाऊ. तवर एक दगड हालवायचा न्हाई."

"अहो, पर मधी काय झालं तर?"

"मधी काय झालं तर, म्हणूनच थांबवतीया!" ती किंचाळली. हसऱ्या सारिकाचा तो आवाज आळीनं पहिल्यांदाच ऐकला. मिस्त्रीनं मान हलवली, टेकूला दोन बाभळीचे ओंडके लावले आणि जाताना पोपटरावांना म्हणाला, "निदान नव्या बांधकामाला पाणी मारीत जा. न्हाईतर सिमेंट वाया जाईल."

पोपटरावांना तेवढंच हवं होतं. घरात सगळे सुतकात बसल्यासारखे, आणि ह्या माणसाला काहीतरी करायला मिळालं. पाणी देणं हे तर त्यांचं जन्माचं काम. सकाळी पाइप, संध्याकाळी पाइप. विटांवर शिंपडायचं सोडून गडी उसाची सरी भरावी तसा खोलीच्या पायाभोवतीचा चर भरू लागला. पाणी काठोकाठ उभं राहिलं की त्यांचं समाधान व्हायचं. "पिऊ द्या," म्हणायचे. "पक्कं झालं पायजे. नातवाची खोली हाय." आणि ते पाणी नव्या विटांनी पिऊन उरलं की शेजारच्या जुन्या मातीत मुकाट जिरत होतं. पांढऱ्या मातीच्या भिंतीला पाणी म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी पावसाळ्याआधी त्याच भिंतीला त्यांनी वडलांबरोबर गिलावा केला होता. पण माणूस एका गोष्टीत चांगलं बघायला लागला की दुसरीकडं बघतच नाही.

सारिका मात्र बघत होती. रोज बघत होती. आधी भिंतीच्या बुडाला ओल चढली. मग केसासारखी एक चीर दिसली, आठवड्यात तिच्यात बोट जायला लागलं. माजघरात त्या भिंतीलगत तेजूची लोखंडी कॉट होती आणि कॉटखाली तिची जुनी पत्र्याची पेटी. त्या पेटीवर अधूनमधून माती गळायची. सुपातून पत्र्यावर जोंधळे पडावेत तसा आवाज. तो आवाज आला की सारिका होती तिथंच थांबायची. ती हात जोडायची. चीर वाढली की तिला वाटायचं, पोरीला तिकडं काहीतरी होतंय. ती मारुतीला तेल घालून आली, खंडोबाला नवस बोलली, शनिवार धरला. भिंतीला चीर पडली म्हणजे भिंत पडणार, एवढी साधी गोष्ट त्या शहाण्या बाईच्या डोक्यात आली नाही. तिनं चिरेत लेकीचं नशीब बघितलं, भिंत बघितलीच नाही.

फोनवर तर खोट्याचा डोंगर उभा राहिला. तेजू व्हिडिओ कॉल करायची, तेव्हा सारिका गोठ्यात तोंडाशी फोन धरून बसायची. "आई, तू कायम गोठ्यातच कशी असतेस?" "हितं रेंज येती." "मागं गाय काय करतीय, तुझ्या डोक्यावर?" "ती बी बघतीया तुला." तेजू हसायची, आई तिच्यापेक्षा मोठ्यानं हसायची, आणि फोन ठेवला की दाव्याची खुंटी धरून उभी राहायची. पोपटराव मागून म्हणायचे, "सारिका, पॉझिटिव्ह." एकदा तिनं त्यांच्या अंगावर शेणाची पाटीच फेकली.

पण लेक आईची होती. आईच्या हसण्यातलं खोटं तिला कळत होतं. एका रविवारी, सातव्याची ओटी भरायला अजून अवकाश असताना, दारात गाडी थांबली. रोहन उतरला, आणि मागून तेजू. पोट चांगलं दिसायला लागलेलं, चेहऱ्यावर तेज. सारिका गोठ्यात चुलीपुढं होती. आवाज ऐकून बाहेर आली आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"न सांगता आलीस?"

"सांगितलं असतं तर तू गाय घेऊन पळाली असतीस," तेजू हसत म्हणाली आणि ओसरीवरच्या भांड्यांच्या ढिगाकडं बघून थांबली. "आई, काय चाललंय हे?"

"रंग द्यायचाय. बस तू पुढच्या खोलीत. आत जाऊ नको, लय धूळ हाय. मी चहा आणते."

कुशाबाई मारुतीच्या देवळात गेली होती. पोपटराव जावयाला घेऊन मोटर दाखवायला रानाकडं निघाले. सारिकानं चुलीवर आधण ठेवलं. आता काय सांगायचं, कसं सांगायचं, याचाच विचार. साखर टाकली का नाही तेही आठवेना. तेवढ्यात तिला तो आवाज आला. पत्र्यावर जोंधळे. पण आज थांबून थांबून नाही, सलग. आणि त्या आवाजावर दुसरा एक आवाज, ओळखीचा. लोखंडी कॉट कुरकुरली.

पोरगी प्रवासानं दमली होती. आडवं व्हायला आपल्या कॉटवर गेली होती.

आजवर तो आवाज आला की सारिकानं हात जोडले होते. आज हात जोडायला वेळ नव्हता. चहाचं पातेलं उलथलं, बाई अनवाणी धावली. माजघरात शिरली तेव्हा तेजू कॉटवर बसून वर बघत होती, ताडपत्रीकडं, अर्ध्या भिंतीकडं, आणि तिच्या केसांत माती पडत होती. बुडाशी भिंतीला पोट आलं होतं. टेकूचा एक ओंडका आपोआप हळूच सरकला. सारिकानं पोरीचा दंड धरला आणि सगळ्या ताकदीनं ओढली. दोघी उंबऱ्याबाहेर ओसरीवर गुडघ्यांवर आदळल्या आणि मागं भिंत खाली आली. आवाज फार मोठा नव्हता. ओल्या मातीला आवाज नसतो. फक्त धूळ आणि ओलसर वास, आणि धूळ बसल्यावर कॉट दिसतच नव्हती.

"लागलं का? पोटाला लागलं का?" सारिका एवढंच विचारत होती. तेजू पोट दोन्ही हातांनी धरून बसली होती.

कुणीतरी पोपटरावांना आणि रोहनला रानातून बोलावून आणलं. दौंडच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता सारिकाला नंतर कधीच आठवला नाही. रोहन गाडी चालवत होता, त्याचे ओठ पांढरे पडले होते. पोपटराव पुढच्या सीटवर, सारखे मागं वळून बघत. मागं तेजूचं डोकं सारिकाच्या मांडीवर. सारिकाच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. भिंतीनं नाही मारलं, मीच मारलं. मीच ओढली, मीच आपटली. मीच काम थांबवलं. पेढे वाटले तेव्हाही मीच. खंडोबा, काय घ्यायचं ते माझं घे रे, हिच्या पोटातलं राहू दे.

दवाखान्यात त्यांना आत घेतलं. डॉक्टरीणबाईंनी तेजूच्या पोटावर यंत्र फिरवलं. एकदा फिरवलं, परत फिरवलं. सारिकानं मंगळसूत्र इतकं घट्ट धरलं होतं की दोरा तुटून मणी फरशीवर घरंगळले, आणि त्या आवाजानंसुद्धा ती दचकली. मग डॉक्टरीणबाईंनी एक बटण फिरवलं आणि खोलीभर आवाज आला. धकधक, धकधक, घाईघाईनं, कुणीतरी लांबून पळत यावं तसा.

"छान आहेत ठोके," त्या म्हणाल्या. "बाळ ठीक आहे. हिचे गुडघे तेवढे फुटलेत. चार दिवस पडून राहायचं, लांबचा प्रवास नको."

सारिका मटकन खाली बसली आणि फरशीवरच रडली. मोठ्यानं, लाज न बाळगता. तेजूनं पलंगावरून हात खाली केला आणि आईच्या मातीनं भरलेल्या केसांवर ठेवला.

"आई, घर पाडलंय, हे मला का नाही सांगितलंस?"

"तू भिशील म्हणून."

"आणि मी तीन महिने तुला का नाही सांगितलं?"

सारिका खालचे मणी गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मी भिईन म्हणून."

घरी आले तेव्हा उन्हं कलली होती. तेजूला समोरच्या चुलत दिरांच्या पक्क्या घरात निजवलं. कुशाबाई ढिगाऱ्यापुढं बसून होती, कुणाला हात लावू दिला नव्हता. सारिका दिसताच तिनं विचारलं, "ठोकं लागलं का?"

"लागलं, आत्याबाई."

म्हातारीनं डोळे मिटले. ओठ हलत राहिले. मग ती त्या मातीकडं बघत म्हणाली, "थांबीव मीच म्हनले व्हते. आता मीच म्हंते, बांधून काढा. इपरीत व्हयाचं ते ह्या भितीखाली गेलं आसंल तर गेलं. आन् नसंल गेलं, तर पोरीनं काय उघड्यावर बाळात व्हायचं का?"

सारिकानं नवऱ्याकडं बघितलं. पोपटरावांनी पाण्याचा कॉक बंद केला होता आणि उपड्या घमेल्यावर बसले होते. चरातलं पाणी त्यांच्या पायाशी अजून काठोकाठ उभं होतं. ती वाट बघत होती. आता हे म्हणणार, पॉझिटिव्ह. आज म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"सारिका," ते म्हणाले. "पानी म्या सोडलं. मला वाटलं, पक्कं व्हतंय." त्यांनी पाइप पायानं दूर लोटला. "मला लय भ्या वाटतंय गं. पहिल्या येळंपासनं वाटतंय. तू इतकी भ्यायचीस, मंग म्या बी भ्यालो तर घर कुनी धरायचं, म्हनून ते आपलं बोलत व्हतो."

इतकी वर्षं ज्याच्या त्या एका शब्दाचा तिला राग यायचा, तो माणूस घमेल्यावर बसून लहान पोरासारखा रडत होता. सारिका त्यांच्या शेजारी मातीत बसली. तिनं पदरातले मणी काढून त्यांच्या ओंजळीत ठेवले, आणि फोन हातात घेतला.

"रामलिंगभाऊ, मी सारिका. सकाळी माणसं घेऊन या. व्हय, भिंत पडली. न्हाई, कुणाला लागलं न्हाई. व्हय, पोटुशी लेक हितंच हाय." तिनं समोरच्या घराकडं बघितलं. "भ्या वाटतंय, भाऊ. लय वाटतंय. म्हणूनच म्हंते, सकाळी लवकर या."